शब्दांनी घडलेले धोरण

परदेशातून आलेल्या माणसांना समाजात सामावून कसे घ्यावे, हे ठरवायचे कोणी: शासनाने की अभ्यासकांनी? पीटर स्कोल्टन या डच अभ्यासकाने ‘फ्रेमिंग इमिग्रंट इंटिग्रेशन’ (२०११) या ग्रंथात हाच प्रश्न हाती घेतला आहे. संशोधक व धोरणकर्ते एकमेकांना कसे घडवतात, हे त्याने नेदरलँड्सच्या इतिहासातून साधार दाखवले आहे.

त्या देशाच्या शासनाला सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक परिषदेने १९७९ साली एक अहवाल सादर केला. तुर्कस्तान, मोरोक्को येथून आलेले कामगार परत जातील, हा भ्रम शासनाने सोडावा, असे त्यात बजावले होते. सल्ला रास्त होता व १९८३ च्या अल्पसंख्याक धोरणात तो उतरला. मात्र त्याबरोबर माणसांची गटवार विभागणीही उतरली. १९८९ साली त्याच परिषदेने गटांऐवजी व्यक्तीच्या शिक्षणावर व रोजगारावर भर दिला आणि अहवालाच्या शीर्षकातच ‘आलोख्तोन’, म्हणजे अन्य भूमीतला, हा शब्द योजला. पुढे सरकारी सांख्यिकीत आईवडिलांपैकी एक जरी परदेशात जन्मलेला असला, तरी मूल ‘आलोख्तोन’ ठरू लागले. राजे विलेम-अलेक्झांडर यांचे वडील जर्मनीत जन्मलेले; म्हणजे व्याख्येप्रमाणे राजाही परकाच!

२००२ साली संसदेने चौकशी समिती नेमली. तिने ज्या संस्थेकडे अभ्यास सोपवला, तिचेच संशोधक पूर्वीच्या धोरणात गुंतलेले होते, असा आक्षेप आला. एकात्मता पूर्णतः वा अंशतः साधली आहे, हा समितीचा २००४ चा निष्कर्ष अनेक पक्षांनी झिडकारला. संशोधन सोयीचे असेतोवरच प्रमाण मानले जाते, हा या ग्रंथातून मिळणारा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

तरीही ग्रंथाची एक मर्यादा नोंदवणे प्राप्त आहे. येथे संवाद दोघांचाच आहे. ज्याच्याविषयी तो चालतो, तो स्थलांतरित बहुतांशी विषय म्हणूनच उरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात स्वागत, संरक्षण, संवर्धन व समावेश अशी चार कर्तव्ये सांगितली. समावेशाचा क्रम शेवटचा आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. ज्याचे स्वागतच झाले नाही, त्याला सामावून घेण्याच्या गोष्टी पोकळ ठरतात.

२०१६ साली परिषदेने व सांख्यिकी कार्यालयाने ‘आलोख्तोन’ शब्द सोडला. त्याजागी ‘स्थलांतराची पार्श्वभूमी असलेला’ हा शब्दप्रयोग आला. नाव बदलले, रकाना राहिला.

हे वाचताना आम्हांस आमचीच वही आठवली. धर्मग्रामाची कुटुंबगणना करताना आम्हीही ‘बाहेरून आलेले’ असा रकाना आखतो. त्यांतली काही कुटुंबे वीस वर्षे आमच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करीत आली आहेत. पुढील गणनेपूर्वी आपली नोंद कशी व्हावी, हे त्यांनाच विचारावे, असे आम्हांस वाटू लागले आहे.