जलद फिल्म आणि रात्रीचा पुरावा

जुन्या हस्तलिखिताचा अभ्यास करणारा संशोधक प्रथम लेखनिकाचा, कागदाचा व शाईचा विचार करतो. एखादी ओवी एका पोथीत आढळत नाही एवढ्यावरून ती मूळ ग्रंथात नव्हती असा निष्कर्ष तो काढीत नाही. पान गहाळ झाले असेल, लेखनिकाची नजर चुकली असेल, या शक्यता तो आधी तपासून पाहतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हीच विद्वत्ता एकाएकी भोळी होते. जे चित्रात आहे ते होते, आणि जे चित्रात नाही ते नव्हते, असे मानून प्रबंधांची पाने भरली जातात. छायाचित्र ज्या द्रव्यावर उमटते त्या द्रव्याच्या मर्यादा ध्यानात घेतल्याखेरीज त्याची समीक्षा होऊ शकत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. त्यातही विचार करावयाचा आहे तो जलद कृष्णधवल फिल्मच्या दुर्मिळतेचा.

या दुर्मिळतेची चर्चा अलीकडे छायाचित्रकारांच्या वर्तुळात पुष्कळ झाली. फुजीची १६०० वेगाची निओपॅन २०१० च्या सुमारास बंद पडली. कोडॅकने १९८८ मध्ये काढलेली टी-मॅक्स पी ३२०० ही फिल्म २०१२ मध्ये थांबविली, तेव्हा त्या वर्गात इलफर्डची १९९८ पासूनची डेल्टा ३२०० हीच काय ती प्रमुख फिल्म उरली. २०१८ मध्ये कोडॅकची फिल्म परत आली आणि काळजी काहीशी ओसरली. परंतु अंकीय कॅमेरा हाती असताना ही काळजी केवळ हौशी लोकांची आहे असे म्हणून तिची वासलात लावता येणार नाही. कारण ज्या चित्रसंग्रहांवर आपण आज विसंबतो, ते जलद फिल्म याहून कितीतरी अधिक दुर्मिळ होती अशा काळात तयार झालेले आहेत.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. शेकोटीच्या उजेडात बसलेल्या माणसाचा चेहरा टिपावयाचा तर ४०० वेगाची फिल्म, एफ-२ इतके मोठे छिद्र आणि सेकंदाचा तिसावा भाग, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. भर उन्हातील दृश्याशी तुलना केली तर हा प्रकाश सुमारे आठशे ते हजारपटींनी कमी भरतो. १९४० च्या दशकात जलद म्हणून गणली जाणारी कोडॅकची सुपर डबल-एक्स फिल्म आजच्या मापाने २०० च्या आसपास वेगाची होती, आणि त्या काळच्या अनेक चांगल्या कॅमेऱ्यांच्या भिंगांचे सर्वांत मोठे छिद्र एफ-३.५ एवढेच असे. या दोहोंचा हिशेब केला तर सेकंदाच्या पाचव्या भागाइतके उद्भासन लागते. एवढ्या अवधीत नाचणाऱ्याचे पाऊल उचलून पुन्हा टेकलेले असते. फिल्मवर उरतो तो केवळ धुरकट पट्टा. छोट्या कॅमेऱ्यासाठी ट्राय-एक्स फिल्म १९५४ मध्ये आली. तिच्यावर तेव्हा २०० हा आकडा होता. १९६० मध्ये मोजणीची पद्धत बदलल्यावर तो ४०० झाला. म्हणजे आकडा वाढला, द्रव्य तेच राहिले.

आता हे गणित आपल्या परिसराला लावून पाहू. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, जोडला गेला. माणिकगडच्या डोंगरातील गोंड व कोलाम यांचे आदिलाबादकडील आप्तसंबंध या सीमांनी तुटले नाहीत. त्यांच्या सामूहिक जीवनाचा मोठा भाग रात्री घडतो. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ताफे गावोगाव जातात, यजमान गावी मुक्काम करतात, आणि नाच, गाणी व सोंगे विस्तवाच्या उजेडात चालतात. मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी त्यांत असतात. परधान किंगरीवर देवकथा लावतो तीही दिवसाची कामे आटोपल्यावर, ऐकणारे निवांत झाल्यावर. ज्याला भाषेचे सलग, अनाग्रही रूप ऐकावयाचे आहे त्याने रात्रीच जागले पाहिजे.

या समाजाचा थोर अभ्यास क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या मार्लवाई गावी राहून केला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला, आणि त्यांची छायाचित्रे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन केलेली आहेत. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमध्ये व्हेरिअर एल्विन यांनी लिहिलेला ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ हा ग्रंथ १९४७ चा. घोटुल ही मुळात रात्रीची संस्था. या ग्रंथांचे निवेदन रात्रीत वावरते. चित्रांत मात्र प्रामुख्याने दिवसाचे ऊन आहे. शब्द आणि चित्र यांच्यातील ही तफावत लेखकांच्या दृष्टिदोषातून उद्भवलेली नाही. शब्दाला उजेड लागत नाही, फिल्मला लागतो, एवढाच तिचा अर्थ. परंतु पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ कमी वाचले व चित्रे अधिक पाहिली, आणि उन्हात उभा असलेला, कॅमेऱ्याकडे पाहणारा, अलंकार ल्यालेला माणूस हाच ‘आदिवासी’ ठरला.

या अडचणीतून निघण्याचे तीन मार्ग छायाचित्रकारांना होते, आणि प्रत्येकाची किंमत पुराव्याला मोजावी लागली. पहिला मार्ग म्हणजे रात्रीचा नाच दिवसा करावयास सांगणे. भाषावैज्ञानिकाला हा प्रकार चांगला परिचित आहे. ओसरीवर बसवून ‘मी जातो, तू जातोस’ अशी रूपे वदवून घेतली की रूपावली पूर्ण होते, पण बोलणे मिळत नाही. दुसरा मार्ग चमकदिव्याचा. तो लावताच शेकोटी विझल्यासारखी दिसते, समोरचा माणूस पांढरा पडतो, मागचे गाव काळोखात बुडते आणि सर्वांच्या माना कॅमेऱ्याकडे वळतात. पाहणाऱ्याने स्वतःच घडविलेला तो प्रसंग असतो. तिसरा मार्ग फिल्म ‘पुश’ करण्याचा, म्हणजे तिला तिच्या वेगापेक्षा कमी प्रकाश देऊन नंतर रसायनात अधिक वेळ ठेवण्याचा. याने उजळ भाग उठून येतात. ज्या सावलीवर पुरेसा प्रकाश पडलाच नाही तेथे काहीही निर्माण होत नाही. विस्तव दिसतो, चांदीचे दागिने चमकतात, मोरपिसे झळकतात, आणि सावळे चेहरे निघून जातात. ३२०० आकडा मिरविणाऱ्या फिल्मचाही खरा वेग ८०० ते १००० च्याच घरात असतो; उरलेला वेग पुश करण्यातूनच येतो. म्हणून खरखरीत कणांचे चित्र अधिक ‘सच्चे’ असते, हा आजचा रूढ समज टीकेस टिकणारा नाही. चित्रातले कण फार तर प्रकाश अपुरा होता याची साक्ष देतात.

दुर्मिळतेची आणखी एक बाजू आहे, ती पुरवठ्याची. १९५७ नंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक नियंत्रणे आली. उदकमंडलम येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६७ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले व ‘इंदु’ हे नाव घरोघर पोहोचले. तो कारखानाही आता बंद झाला आहे. पूर्व जर्मनीच्या वुल्फेन येथील ओर्वो फिल्म रुपयातील व्यापारामुळे येत असे व तिच्यात ४०० वेगाची एन.पी. २७ होती, पण जंगलात जाणाऱ्याला हवी ती फिल्म हवी तेव्हा मिळेल याचा भरवसा नसे. जिथे छत्तीस चित्रे जपून वापरावयाची असतात तिथे माणूस अनिश्चिताच्या वाटेस जात नाही. तो खात्रीचे, ‘नमुनेदार’ तेवढेच टिपतो. नमुन्याचा हा आग्रह सिद्धांतातून जेवढा आला तेवढाच काटकसरीतूनही आला असावा, हे समीक्षकाने विसरू नये.

यावर असा आक्षेप येईल की रात्रीचे वर्णन ग्रंथांत आहेच, मग चित्र नसल्याने काय बिघडले? बिघडते ते निष्कर्षात. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यांची पडताळणी करताना चालीरीती, नृत्ये, बोली यांची ‘ॲफिनिटी’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी लावली जाते. ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. तोपर्यंत व त्यानंतरही नोंदलेल्या लक्षणांशी जिवंत माणसाची तुलना करण्याची सवय आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. नोंदच जर दिवसापुरती असेल, तर एखाद्या कुटुंबाची रात्र नोंदीत न सापडणे हे त्याच्याविरुद्ध जाऊ शकते. कोलामी भाषेची दोन व्याकरणे आपल्यापुढे आहेत. सेतुमाधवराव पगडी यांचे १९५० चे व्याकरण आदिलाबादच्या बोलीचे, तर एमेनो यांचे १९५५ चे मुख्यतः वर्ध्याच्या बोलीचे. एखादे रूप या दोहोंत आढळले नाही म्हणून ते माणिकगडच्या कोलामाने बोलू नये असे कोणताही भाषाभ्यासक म्हणणार नाही. हाच विवेक छायाचित्राला लावावयाचा आहे.

अंकीय कॅमेऱ्याने आता अंधाराची अडचण बहुतांशी दूर केली आहे. परंतु त्याबरोबर एक आडोसाही गेला. फिल्मच्या मंदपणामुळे ज्या गोष्टी आपोआप खाजगी राहत होत्या, त्या राखण्याची जबाबदारी आता संशोधकाच्या विवेकावर आली आहे. घोटुलाविषयीच्या बाहेरच्यांच्या कुतूहलाने त्या संस्थेची किती विटंबना झाली हे सर्वज्ञात आहे. सर्व काही टिपता येते म्हणून सर्व काही टिपावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

तेव्हा व्यवहारात दोन गोष्टी आवश्यक वाटतात. प्रबंधात छायाचित्र पुरावा म्हणून देताना त्याखाली स्थळ व वर्ष यांबरोबरच प्रहर, प्रकाशाचे साधन, फिल्मचा वा यंत्राचा वेग, आणि प्रसंग आपोआप घडला की विनंतीवरून, हे लिहावे. जुन्या चित्रांबाबत यांपैकी जे अनुमानाने कळते ते अनुमान म्हणूनच नोंदवावे. दुसरे असे की, जेथे चित्र नाही तेथे ध्वनिमुद्रण आहे काय हे आधी पाहावे. ध्वनिमुद्रणाला शेकोटीचाही उजेड लागत नाही. एवढे केल्यावर ‘अमुक गोष्ट या समाजात आढळत नाही’ हे वाक्य लिहिताना आपला हात थोडा थांबेल, आणि तो थांबणे हे या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाच्या दृष्टीने इष्टच ठरेल.