साष्टीचें युद्ध व तहनाम्याचें प्रामाण्य

मुंबईंतील डिलाईल रोडवरून, ज्यास आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, उत्तरेस निघालेला मनुष्य आगगाडीनें थोड्याच मिनिटांत माहीमची खाडी ओलांडून वांद्र्यास पोंचतो. ही खाडी इ. स. १७७४ अखेरपर्यंत दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे मुंबईकर इंग्रज, पलीकडे साष्टींत मराठे. या शेजाऱ्यांत जुंपलेलें व १७८२ त मिटलेलें युद्ध कसें उद्भवलें, आणि तें कोणत्या कागदांवरून ठरवावें, याचा येथें विचार करूं.

एचिसन यांच्यासारखे तहनाम्यांचे संग्रहच जो प्रमाण मानील, त्यास या युद्धाचा आरंभ सुरतेच्या तहांत दिसेल. मार्च १७७५ त झालेल्या या तहान्वयें इंग्रजांनीं राघोबादादांस फौजेची मदत द्यावी व दादांनीं साष्टी व वसई द्यावी, असें ठरलें. यावरून पेशव्यांचा गृहकलह हेंच युद्धाचें कारण, असा निर्णय सहज निघतो. आमच्या मतें तो ग्राह्य नाहीं.

इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला तो २८ डिसेंबर १७७४ रोजीं, म्हणजे तहापूर्वीं सुमारें सत्तर दिवस. दोन्ही गोष्टी शके १६९६ मधील. पहिली मार्गशीर्षांत, दुसरी फाल्गुनांत. ज्या कागदावर नुसता शक आहे, त्यावरून पूर्वापर ठरत नाहीं. मितीची साधी चिठी तें ठरविते. दादा आरंभीं साष्टी-वसई देण्यास राजी नव्हते. त्यांनीं साष्टी लिहून दिली तेव्हां ती घेऊन झाली होती. तहनामा ही त्या घेतल्या वस्तूची मागाहून केलेली पावती होय.

ठाण्यावर जाण्यास निमित्त सांगितलें तें पोर्तुगीजांचें. ते आपला गेलेला मुलूख परत घेण्याच्या तयारींत आहेत, अशी वार्ता मुंबईस आली होती. ती अगदींच निराधार होती, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कंपनीचा साष्टीवरील डोळा त्याहून जुना. १७७२ त मॉस्टिन यास पुण्यास वकील नेमिलें, त्याच्या कामांत हें एक मुख्य होतें. गव्हर्नर त्या वेळीं विल्यम हॉर्नबी. त्याच्याच नांवाचा महालक्ष्मी-वरळीचा बांध डिलाईल रोडपासून फार लांब नाहीं.

नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यांत पडलेल्या फुटीवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. पण दार उघडें असणें निराळें आणि आंत शिरण्याची इच्छा असणें निराळें.

शेवट पाहिला म्हणजे हेंच दिसतें. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलानें हें युद्ध अन्यायाचें ठरवून अप्टन यास पाठविलें व १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. तरी साष्टी सुटली नाहीं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहांत दादांचा पक्ष सोडला, वसई परत दिली, साष्टी मात्र ठेविली. ज्याच्या नांवानें युद्ध केलें तो सुटला. ज्यासाठीं केलें तें राहिलें.

हा प्रकार एका साष्टीचा नव्हे. १९१४ त युरोपांत युद्ध पेटतांच राज्याराज्यांनीं आपापल्या रंगाचीं पुस्तकें काढून निवडक पत्रव्यवहार जगापुढें ठेविला. वगळलेलें काय होतें, तें दप्तरें उघडल्यावरच कळलें.

फॉरेस्ट यांनीं १८८५ त मुंबई सरकारच्या दप्तरांतील कागद छापले, आणि मिरजेच्या खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनांचीं पत्रें कालानुक्रमें दिलीं, म्हणून दोहों बाजूंचा ताळा पाहतां येतो. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रुमाल फोडूं नये. शिक्कामोर्तबाचा कागद निराळा काढला, आणि जासुदाची बातमी, दारूगोळ्याची याद, कारकुनाची चिठी रद्दींत टाकली, तर तह हातीं राहील व युद्धाचें कारण रद्दींत जाईल.