उपग्रहीय प्रतिमा, यंत्र-अध्ययन आणि माळरानांचे वर्गीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वन्यजीवांच्या अधिवासांची पाहणी करण्यासाठी उपग्रहीय प्रतिमा आणि मशीन लर्निंग अर्थात यंत्र-अध्ययन यांचा उपयोग आता सर्वमान्य झाला आहे. विस्तीर्ण प्रदेशाची वारंवार पाहणी अल्प खर्चात होते, हा या पद्धतीचा निर्विवाद लाभ होय. तथापि उपग्रह जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश नोंदवितो. त्या नोंदीला ‘वन’ किंवा ‘पडीक’ हे नाव माणूस देतो. प्रस्तुत लेखात माळरानांच्या संदर्भात या नामकरणाची चिकित्सा केली आहे.

वनाच्छादनाची व्याख्या :
देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहीय प्रतिमांच्या आधारे वनस्थिती अहवाल प्रसिद्ध करीत आहे. किमान एक हेक्टर क्षेत्र व किमान १० टक्के वितान-घनता असलेली जमीन वनाच्छादन मानली जाते. मालकी, वापर व वृक्षांची जात विचारात घेतली जात नाही. त्यामुळे आमराईही वनाच्छादनात मोडते. २०२३ च्या अहवालानुसार वन व वृक्ष यांचे एकत्रित आच्छादन देशाच्या क्षेत्रफळाच्या २५.१७ टक्के आहे. वृक्षांची मोजणी म्हणून हा आकडा उपयुक्त आहे. मात्र तो अधिवासांचे मोजमाप ठरत नाही. माळढोक, काळवीट व लांडगा यांना उघडा माळ लागतो. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, त्याचे घर या व्याख्येत बसत नाही. उलट पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची जमीन ‘पडीक’ ठरते आणि वृक्षलागवडीस वा प्रकल्पांस मोकळी होते.

पर्यायी नकाशा व त्याच्या मर्यादा :
एम. डी. मधुसूदन आणि अबी तमिम वनक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यंत्र-अध्ययनाच्या साहाय्याने निमशुष्क प्रदेशातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा सिद्ध केला. त्यांचे क्षेत्र देशाच्या सुमारे १० टक्के भरते. वृक्षांच्या अभावाऐवजी परिसंस्थेच्या अस्तित्वावरून जमीन ओळखली, हे या कार्याचे महत्त्व होय.

परंतु यंत्र माणसाने दिलेल्या नमुन्यांवरूनच शिकते. सोलापूरकडील रब्बी ज्वारीचे शेत पावसाळ्यात उघडे असते आणि उन्हाळ्यात ते माळासारखेच दिसते. हा भेद नमुन्यांत नसेल, तर नकाशातही उतरणार नाही. शिवाय नकाशा अधिवास दाखवितो, प्राणी नव्हे. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. कि. मी. होते, पुढे ते सुमारे १,२२२ चौ. कि. मी. इतके घटविण्यात आले. नान्नजला गवताळ माळ आजही आहे, पण माळढोकाचे दर्शन अतिदुर्मीळ झाले आहे. पक्ष्याचा जीव घेणाऱ्या वीजवाहिन्या आणि अंडी फस्त करणारी भटकी कुत्री वनस्पती-आच्छादनाच्या नकाशावर दिसत नाहीत.

निष्कर्ष :
दोष तंत्राचा नसून त्याला पुरविलेल्या वर्गांचा आहे. चुकीचा वर्ग घेऊन शिकलेले यंत्र तीच चूक अधिक वेगाने व अधिक अधिकारवाणीने करील. म्हणून नमुने कोणी, कोणत्या ऋतूत व कोणत्या निकषांवर निवडले, हे नकाशासोबत प्रसिद्ध व्हावे. नमुन्यांची प्रत्यक्ष पडताळणी करताना पिढ्यान्‌पिढ्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरांचे ज्ञान ग्राह्य धरावे. आणि ‘पडीक’ या सदरातून नैसर्गिक माळराने वगळावीत. त्याशिवाय उपग्रहाची नजर कितीही सूक्ष्म झाली, तरी माळ रिकामाच दिसत राहील.