टिकणे आणि जगणे : दुधाच्या दाढांवरील मज्जोपचारांच्या तुलनेतील एक शब्दार्थप्रश्न

दुधाच्या दाढेतील कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचली म्हणजे वरच्या भागातील दूषित मज्जा काढावयाची, मुळांतील मज्जेवर एखादे द्रव्य ठेवावयाचे व दाढ वरून घट्ट बंद करावयाची, ही ‘पल्पॉटमी’ नावाची चिकित्सा होय. अशा उपचारांवरील चाचण्यांचा विस्तृत आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ८७ चाचण्या व १२५ तुलना असून त्यांपैकी ७५ तुलना पल्पॉटमीच्या द्रव्यांसंबंधी व पद्धतींसंबंधी आहेत. द्रव्यांचा निवाडा दंतवैद्यांनीच करावा. परंतु निवाडा ज्या शब्दांनी होतो, त्यांचे परीक्षण भाषाभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

आढावाकारांनी निकष ठेवले ते दोन : तपासणीत दिसणारे अपयश आणि क्ष-किरणचित्रात दिसणारे अपयश. मात्र अपयश म्हणजे काय, हे ज्या त्या चाचणीच्या व्याख्येवर सोपविले आहे. शब्द एक, व्याख्या अनेक, आणि बेरीज मात्र एकत्र, अशी ही स्थिती आहे.

याहून गंभीर प्रश्न ‘यश’ या शब्दाचा आहे. बकलीने १९०४ मध्ये मांडलेले व स्वीटने १९३० मध्ये दुधाच्या दातांसाठी वापरात आणलेले फॉर्मोक्रेसॉल आपल्या निकटच्या मज्जेचे प्रथिन गोठवून तिला निर्जीव व अविघटनशील करते. १९९० नंतरच्या दशकात तोराबिनेजाद यांच्या संशोधनातून पुढे आलेले मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, म्हणजेच एमटीए, याच्या उलट, मज्जा जिवंत राखून तिच्यावर नवे दंतद्रव्य निर्माण होण्यास साहाय्य करते. दोन्ही दाढांत वेदना नाही, सूज नाही, क्ष-किरणचित्रात विकृती नाही. म्हणून दोन्ही ‘यशस्वी’. मराठीत आपण वस्तू ‘टिकली’ म्हणतो आणि जीव ‘जगला’ म्हणतो. पहिली दाढ टिकली, दुसरी जगली. कोष्टकात हा भेद उरत नाही.

अर्थात्, एमटीए फॉर्मोक्रेसॉलहून सरस दिसते, हा आढाव्याचा निष्कर्ष यामुळे ढासळत नाही. नुसत्या टिकण्याच्या मापानेही ते पुढे आहे. संशय घ्यावयाचा तो समतेच्या निष्कर्षांचा. दोन द्रव्ये ‘समान’ ठरतात तेव्हा ती समता परिणामांची की केवळ शब्दाची, हे पाहिले पाहिजे. फॉर्माल्डिहाइड हे मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केला. ज्या द्रव्याचा तो घटक आहे त्याविषयी ‘समान’ हा शब्द तर अधिकच जपून योजावयास हवा.

दुधाची दाढ नवव्या ते बाराव्या वर्षांच्या सुमारास पडावयाचीच, मग एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ती अकाली गेल्यास मागची कायमची दाढ पुढे सरकते व उपदाढेची जागा हिरावली जाते. जागा राखण्यापुरते टिकणे पुरेसे आहे, असेही एखाद्या चिकित्सकाचे मत असू शकेल. ते मत त्याने उघड मांडावे. एका शब्दाच्या आडोशाने ते वाचकाच्या गळी उतरू नये. यापुढील चाचण्यांनी आपली व्याख्या आरंभीच द्यावी आणि टिकलेल्या दाढा व मज्जा जिवंत असल्याची चिन्हे दाखविणाऱ्या दाढा वेगळ्या मोजाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.