‘गीता प्रवचने’ आणि आजचा दिवस

तुरुंगातल्या माणसाला वर्तमानकाळ नकोसा असतो. मागे घर, पुढे सुटकेची तारीख; मधला दिवस कसाबसा ढकलायचा. अशा ठिकाणी, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबा गीतेच्या अठरा अध्यायांवर बोलले. साने गुरुजींनी ते बोलणे उतरून घेतले. या ग्रंथाची भाषा घरगुती आहे, दृष्टांत हाताशी आलेले आहेत, हे तर सर्वांनी सांगून झाले. मला त्यातला एकच प्रश्न येथे पाहायचा आहे: आजच्या क्षणात सुख आहे, असे हा ग्रंथ म्हणतो काय?

आठव्या अध्यायात नाथांची गोष्ट येते. तुमचे जीवन निष्पाप कसे, असे विचारणाऱ्या गृहस्थाला नाथ सांगतात की तू सात दिवसांत मरणार. तेवढ्या दिवसांत त्याच्या मनात पाप शिरत नाही. मरण समोर उभे असते. गोष्ट सुरेख आहे. पण कादंबरीकाराच्या सवयीने मी त्या गृहस्थाच्या घरात डोकावतो, तेव्हा तो मला सुखी दिसत नाही. तो घाबरलेला आहे. भीतीने पाप टळेल, पण आनंद कसा येईल? ही गोष्ट एकटी घेतली तर अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची उणीव चौथा अध्याय भरून काढतो. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड, म्हणजे विकर्म, मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही; ते अकर्म होते. सुख आहे ते येथे. वर्गात पाढे म्हणून घेताना माझे लक्ष घड्याळाकडे असते तो तास मला जड जातो. एखाद्या मुलाला अडलेला भागाकार सुटेपर्यंत मी त्याच्याजवळ बसतो तो तास कळतही नाही. काम तेच, पगार तोच.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. कर्ज काढून कापूस पेरणाऱ्याला ‘उद्याची चिंता सोड’ म्हणणे हा निर्दयपणा नव्हे काय? फळाचा त्याग म्हणजे हिशेबाचा त्याग नव्हे, हे खरे. बी निवडताना पुढचे पाहावेच लागते. डवरणी मात्र आजच्या आज करायची असते. पण एवढ्याने सावकार दारातून उठत नाही. प्रवचनांत या माणसासाठी पुरेसे उत्तर मला सापडले नाही.

ते उत्तर विनोबांनी पुस्तकाबाहेर दिले. १९५१ साली पवनारहून ते पायी निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागितली. ‘आहे त्यात सुख माना’ असे त्यांनी त्या लोकांना सांगितले नाही. भूदानाच्या यशापयशाची चर्चा वेगळी. परंतु ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला आजचा दिवसही स्वतःचा नसतो, ही टीप त्या पावलांनी ग्रंथाला जोडली.

१९८२ च्या दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, अन्न-औषध सोडून विनोबांनी पवनारला देह ठेवला. आठवा अध्याय त्यांनी भीतीवाचून वाचला होता. मला अजून तो तसा वाचता येत नाही. सध्या चौथा अध्याय वर्गात जमला तरी पुष्कळ झाले.