खर्जाचा मानकरी

दिवाळी अंकात पाश्चात्त्य वाद्यावर लेख, आणि तोही मराठीच्या मास्तराने लिहिलेला, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण निमित्तच तसे घडले. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत फराळाला आला होता. मित्रांच्या वाद्यवृंदात तो उसन्या बेस गिटारवर साथ करतो. त्यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित झाले, घरच्यांनी ते कौतुकाने ऐकले आणि शेवटी आईने विचारले, "अरे, पण ह्यात तू कुठे आहेस?" पोराच्या मनाला ते फार लागले. "सर, आता पाच तारांचे, चांगले झगझगीत वाद्य घेतो, नाही तर हा नादच सोडतो," तो म्हणाला. त्याला उत्तर देता यावे म्हणून मी ऐकायला बसलो.

ह्या वाद्याची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. पूर्वी खर्जाची साथ माणसाएवढ्या उंच डबल बेसवर होई. त्याला पडदे नसत. स्वर कानाने शोधावा लागे. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने भरीव लाकडाचा, विजेवर चालणारा, पडद्यांचा बेस बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. गिटारच्या खालच्या चार तारांचेच स्वर, पण एक सप्तक खाली. पडद्याने स्वर अचूक दिला खरा. परंतु लय कोणता पडदा देणार? ती वादकालाच आणावी लागते, आणि ह्या वाद्याचे खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

जेम्स जेमरसन हा त्या शिक्षणाचा आदर्श. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्याचा खर्ज आहे. उजव्या हाताच्या बहुधा एकाच बोटाने तो तार छेडी. मार्विन गेचे 1971 सालचे 'व्हॉट्स गोइंग ऑन' ऐकावे. बेस एका जागी ठाण मांडून बसत नाही. तो आडवळणे घेतो, समेच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळतो. पण गायकाने श्वास घेतला की मगच बोलतो, आणि गायक बोलू लागला की पदर सावरून मागे सरतो. साथीतला असा विनय मला फार मोठा वाटतो.

त्याच्यासमोर बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ठेवून पाहावा. 1969 सालच्या 'समथिंग'मध्ये त्याचा बेस जणू दुसरा गायकच आहे. कल्पकता विलक्षण, यात शंका नाही; तरी काही जागी कान मूळ गाण्यावरून खाली ओढला जातो, असे मला वाटते. तंबोऱ्याने तान घेऊ नये, इतकेच माझे म्हणणे. अर्थात हा माझ्या कानाचा संस्कारही असेल.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. साथीदाराने आवाज मागे ठेवणे ही कला. त्याचे नाव मागे ठेवणे हा अन्याय. 1971 पर्यंत मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावेच छापली जात नसत. लोक वर्षानुवर्षे जेमरसनच्या तालावर नाचले आणि तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. 1983 साली तो वारला. रॉक अँड रोलच्या सन्मानमंदिरात त्याला जागा मिळाली ती 2000 साली. विनयाची थोरवी गाताना हा हिशेब विसरू नये.

आता वाद्याच्या निवडीविषयी. मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा होफनर बेस घेतला, तो स्वस्त म्हणून आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हाती विचित्र दिसत नाही म्हणून. दुकानात जाणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे: वाद्य दिव्याखाली पाहू नये, मांडीवर घेऊन पाहावे. फेंडरच्या तारेची लांबी 34 इंच, होफनरची सुमारे 30. हात लहान असेल तर आखूड वाद्य घेण्यात कमीपणा नाही. पहिल्या पडद्यावर तार दाबताना बोट दुखून येता कामा नये. जाड तार मोकळी छेडावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. तोच स्वर नेमका वरच्या सप्तकात यावा. पट्टा लावून पाव तास उभे राहावे. खांदा खरे बोलतो. ध्वनिवर्धकाचा खर्च वेगळा धरावा. आणि चार तारा आधी वश कराव्या. पाचवी कुठे पळून जात नाही.

हे सारे त्या मुलाला सांगितले आणि वर म्हणालो, "आईला तेच गाणे दोनदा ऐकव, एकदा तुझ्यासकट, एकदा तुझ्यावाचून."

आठ दिवसांनी तो परत आला. दुसऱ्या वेळी निम्मे गाणे होताच आई म्हणाली होती, "बंद कर रे, ह्यातून काहीतरी गेलेय."

त्याने चार तारांचा, साधा, तपकिरी बेस घेतला आहे. यंदा फराळाला येताना तो घेऊन ये, असे मी त्याला बजावून ठेवले आहे.