काष्ठठशातील चैत्यगृह

जेम्स फर्ग्युसनच्या ग्रंथांतील चित्रांचा उल्लेख आपल्या प्रबंधांतून 'जुनी कोरीव चित्रे' असा सरसकट केला जातो. ही भाषा सैल आहे. लेण्यांवरील त्याच्या १८४५ च्या ग्रंथातील चित्रे शिळाछापाची होत. १८६४ च्या पुस्तकात मेजर रॉबर्ट गिल (याची कबर आपल्या भुसावळला आहे) याची ७४ छायाचित्रे आहेत. खरे कोरीव काम आढळते ते १८७६ च्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात, आणि तेही तांब्यावरचे नव्हे, लाकडावरचे.

छायाचित्र हाती असता पुन्हा लाकडाकडे का वळावे? एक कारण छापखान्याचे. लाकडी ठसा खिळ्यांच्या जोडीने एकाच दाबात उठतो. छायाचित्र मात्र प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवावे लागे. दुसरे कारण अधिक मोलाचे. चैत्यगृहातील अंधारात कॅमेरा चाचपडतो, तर रेषा हवे तेवढेच निवडते. स्तंभांची रांग, गजपृष्ठाकार छत, स्तूपामागचा अर्धवर्तुळाकार भाग यांचा परस्परसंबंध ठशात एका दृष्टिक्षेपात उमगतो. या गुणाबद्दल काष्ठठशाला उणे लेखण्याचे कारण नाही.

दोष निराळ्याच ठिकाणी आहे. शिलावास्तूची रूपे लाकडी बांधणीतून आली, हा फर्ग्युसनचा आवडता सिद्धान्त. त्याच्या दृष्टीने छताच्या फासळ्या लाकडाच्या की दगडाच्या, हाच प्रश्न निर्णायक ठरतो. अजिंठ्याच्या १० व्या लेण्यात मधल्या दालनाच्या फासळ्या लाकडी होत्या. त्या नष्ट झाल्या, खाचा उरल्या. बाजूच्या पडव्यांत मात्र त्या दगडातच कोरलेल्या आहेत. १९ व्या लेण्यात तर मधल्या छतालाही दगडी फासळ्याच आहेत. ठशात फासळी म्हणजे दोन समांतर रेषा व मधली छायारेघ. द्रव्य कोणते हे ती रेषा सांगू शकत नाही. कोरणाऱ्याच्या समोर लेणे नसे, रेखाटन असे. छिन्नीच्या खुणा आणि त्याच्या कोरणीच्या रेघा कागदावर एकरूप होतात. म्हणजे सिद्धान्ताला ज्या भेदाचा आधार हवा, नेमका तोच भेद चित्र पुसून टाकते. तरीही हे चित्र त्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर आहे. ठशाची प्रत घेऊन १० व्या लेण्यात उभे राहावे आणि छतातील खाचा आधी पाहाव्यात, चित्र नंतर.